घरच्या बांधणीचा ट्रेलर आणि सार्वजनिक रस्ता

मृग नक्षत्र लागले की मालवण तालुक्यातील कुणग्यांतून पॉवर टिलरचा आवाज ऐकू येऊ लागतो. चिखलणी आणि लावणी आटोपली की हेच यंत्र दुसऱ्या कामाला लागते. त्याच्या मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडला जातो आणि त्यातून खताच्या गोणी, भाताचे भारे, गवत, आंब्याच्या पेट्या, नारळ, जांभा दगडाचे चिरे, किनाऱ्यावरील गावांत मासेमारीची जाळी असा नाना प्रकारचा माल वाहिला जातो. बैलजोडी बाळगणे परवडेनासे झाल्यापासून लहान शेतकऱ्याची बैलगाडी म्हणून या साधनाकडे पाहिले जाते.

यांतील अनेक ट्रेलर कारखान्यात तयार झालेले नसतात. गावाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी चॅनेल व अँगल जोडून, मोडीत निघालेल्या जीपचा धुरा व चाके बसवून, वर पत्र्याचा हौदा चढवून ते बनविले जातात. खर्च कमी येतो, हवे तसे माप मिळते आणि दुरुस्ती गावातच होते. या कारागिरीचे कौतुकच करावयास हवे. परंतु असा ट्रेलर शेताच्या गडग्याबाहेर पडून रस्त्यावर आला की त्याला कायद्याच्या दृष्टीने कोणते स्वरूप प्राप्त होते, याची जाणीव मालकाला क्वचितच असते. ती जाणीव बहुधा अपघातानंतर होते आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून या विषयाची माहिती ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

ट्रेलर हेही मोटार वाहनच

‘इंजिन टिलरला आहे, ट्रॉलीला नाही, मग ट्रॉलीची नोंदणी कशासाठी?’ असा प्रश्न सर्रास विचारला जातो. त्याचे उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्यांतच आहे. हा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मधील खंड (२८) नुसार ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचा स्पष्टपणे समावेश होतो. खंड (४६) नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी योजलेले वाहन म्हणजे ट्रेलर. मोटारसायकलला जोडण्याची साइडकार आणि सेमी-ट्रेलर हे दोन प्रकार तेवढे या व्याख्येतून वगळले आहेत. ट्रेलर कोणी बांधला, किती खर्चात बांधला, त्यावर कंपनीची पाटी आहे की नाही, याचा या व्याख्येशी काहीही संबंध नाही.

दुसरा गैरसमज रस्त्याविषयीचा आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ किंवा कसाल-मालवण मार्ग यांनाच कायदा लागू होतो, गावातील रस्ता आपला घरचाच, अशी समजूत आढळते. अधिनियमातील ‘सार्वजनिक स्थळ’ या संज्ञेची व्याप्ती मात्र फार मोठी आहे. ज्या रस्त्यावर, वाटेवर किंवा जागेवर जनतेला जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा तीत येते. ग्रामपंचायतीचा डांबरी रस्ता, वाडीतील सिमेंटचा रस्ता, बंदराकडे जाणारी वाट ही सर्व सार्वजनिक स्थळे होत. आणि कलम ३९ सांगते की, नोंदणी नसलेले मोटार वाहन कोणीही सार्वजनिक स्थळी चालवू नये व मालकाने चालवू देऊ नये.

घरगुती बांधणीच्या वाहनांबाबत सर्वोच्च न्यायालयानेही निःसंदिग्ध भूमिका घेतली आहे. उत्तर भारतात पाणी उपसण्याचे इंजिन बसवून तयार केलेली ‘जुगाड’ नावाची वाहने मोठ्या प्रमाणावर चालतात. राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात मे २०१३ मध्ये निर्णय देताना न्यायालयाने असे वाहन ‘मोटार वाहन’ या व्याख्येत मोडते, असे सांगितले. आणि नोंदणी, विमा इत्यादी अटींची पूर्तता झाल्याशिवाय ते रस्त्यावर येता कामा नये, असे बजावले. प्रकरण राजस्थानातील असले तरी त्यातील तत्त्व सिंधुदुर्गातील ट्रॉलीलाही तेवढेच लागू आहे.

आधी मान्यता, मग बांधणी

सर्वसाधारण रीत अशी दिसते की, ट्रेलर प्रथम बांधून घ्यायचा, एक-दोन हंगाम वापरायचा आणि कोणी अडविले तर नोंदणीचा विचार करायचा. कायद्याने ठरविलेला क्रम नेमका याच्या उलट आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ नुसार नोंदणीचा अर्ज वाहन ताब्यात घेतल्यापासून ७ दिवसांच्या आत नमुना २० मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, वैध विमा प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि वाहन रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचे निर्मात्याचे नमुना २२ मधील प्रमाणपत्र लागते. ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक कागद आवश्यक ठरतो. तो म्हणजे राज्य परिवहन प्राधिकरण, परिवहन आयुक्त किंवा राज्य शासनाने विहित केलेले अन्य प्राधिकारी यांनी ट्रेलरच्या आराखड्यास दिलेल्या मान्यतेची प्रत.

खरी अडचण येथेच येते. वेल्डिंगच्या दुकानाची साधी पावती म्हणजे विक्री प्रमाणपत्र नव्हे. आणि ज्याच्या आराखड्यास मान्यताच नाही त्या ट्रेलरचे योग्यता प्रमाणपत्र कोण देणार? ट्रेलर पूर्ण बांधून झाल्यावर ही उणीव भरून काढणे अतिशय कठीण असते. वाहनांच्या चाचणीसाठी केंद्रीय नियमांत नमूद केलेल्या संस्थांमध्ये पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तसेच शेतीयंत्रांसाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था यांचा समावेश आहे. एकट्या शेतकऱ्याने एका ट्रेलरसाठी अशा चाचणीचा व्याप करणे व्यवहार्य नाही. सबब, मान्यताप्राप्त आराखड्याचा ट्रेलर अधिकृत निर्मात्याकडून घेणे हाच सरळ मार्ग होय. गावच्या कारागिराकडूनच काम करून घ्यावयाचे असेल, तर लोखंड विकत घेण्यापूर्वी सिंधुदुर्गनगरी येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. सुरुवातीचा हा एक अर्ज पुढचा फार मोठा खर्च वाचवितो.

नोंदणी झाल्यावर ट्रेलरला स्वतःचा क्रमांक मिळतो. कलम ६१ नुसार ट्रेलरचा क्रमांक ओढणाऱ्या वाहनाच्या बाजूवर विहित रीतीने दाखवावयाचा असतो आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर लावावयाचा असतो. एकापेक्षा अधिक ट्रेलर असतील तर तो शेवटच्या ट्रेलरवर हवा. अपघातानंतर अंधारात निघून गेलेली गाडी ओळखता यावी, हा या तरतुदीचा सरळ व्यावहारिक हेतू आहे.

नोंदणीनंतर परस्पर फेरबदल करण्याचीही मुभा नाही. फाळक्यांची उंची वाढविणे, हौदा लांबविणे किंवा दुसरा धुरा बसविणे यामुळे ट्रेलरचे स्वरूप नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत होते. असा बदल करण्यास कलम ५२ प्रतिबंध करते. २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विहित मानकांत न बसणारे वाहन विकणाऱ्या निर्मात्यास वा विक्रेत्यास दर वाहनामागे १ लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद याच कलमात आहे. म्हणजे जबाबदारी मालकाबरोबर बांधणाऱ्यावरही येते, हे गावोगावच्या कारागिरांना समजावून सांगितले पाहिजे.

पॉवर टिलरची मर्यादा

ट्रॅक्टरच्या शेतीच्या ट्रेलरची व्याख्या केंद्रीय नियमांत आहे. सामान्यतः वरून उघडा, एक किंवा दोन धुऱ्यांचा, शेतीच्या ट्रॅक्टरला जोडलेला आणि मुख्यत्वे शेतीमाल वाहण्यासाठी वापरला जाणारा तो ट्रेलर. सिंधुदुर्गातील लहान व उतरत्या कुणग्यांत मात्र पॉवर टिलर अधिक सोयीचा पडतो, आणि त्याच्याविषयी नियमांत स्वतंत्र मर्यादा घातल्या आहेत. ट्रेलर जोडलेल्या पॉवर टिलरचा वेग ताशी २२ किलोमीटरपेक्षा अधिक असता कामा नये व त्याची ओढण्याची क्षमता दीड टनापेक्षा अधिक असता कामा नये.

दीड टन म्हणजे किती, याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. सिमेंटची एक गोणी ५० किलोग्रॅमची असते. तेव्हा तीस गोण्यांतच दीड टन भरतो. जांभ्याचा एक चिरा ३० किलोग्रॅमचा धरला तर पन्नास चिऱ्यांत मर्यादा गाठली जाते. वाळूचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलोग्रॅम धरले तरी एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या घरात जाते, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. हौद्यात माल मावतो म्हणून तो ओढता येतो, असे नव्हे. गवताचे भारे हौद्याच्या वर चढले तरी वजन थोडे असते. उलट वाळू किंवा चिरे हौद्याच्या तळाशीच दिसतात आणि तरीही धुरा वाकतो.

मर्यादेबाहेरच्या भाराबद्दल कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि जादा भाराच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये अशी दंडाची तरतूद आहे. परंतु दंडापेक्षा यंत्रशास्त्राचा नियम अधिक कठोर आहे.

उतार, ब्रेक आणि खारा वारा

मालवणचा किनारा सपाट भासला तरी सड्यावरून खाली वाडीत उतरणारे रस्ते तीव्र उताराचे व वळणाचे आहेत. दहास एक या उतारावर माल धरून दोन टन वजनाचा ट्रेलर सुमारे २०० किलोग्रॅम भाराच्या जोराने पुढच्या यंत्राला ढकलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सर्व जोर हलक्या पॉवर टिलरला सोसावा लागतो. वळणावर मागचा ट्रेलर पुढच्या यंत्राला आडवे फिरवितो आणि दोन्ही उलटतात. वेग दुप्पट झाला की थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. म्हणून उताराच्या माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर टाकणे आवश्यक आहे. मधल्या उतारावर गिअर काढून यंत्र मोकळे सोडणे अत्यंत धोक्याचे होय.

पॉवर टिलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. सपाटीवर डाव्या बाजूचा वळणाचा क्लच दाबला की यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र डावे चाक मोकळे होऊन अधिक वेगाने धावते आणि उजवे चाक इंजिनाच्या अटकावाने मागे राहते. परिणामी यंत्र उजवीकडे वळते. शेतात वर्षानुवर्षे टिलर चालविलेल्या माणसाचाही हात अशा वेळी सवयीने चुकतो. यासाठी उतारावर क्लचचा वापर टाळून दांड्यानेच यंत्राला दिशा द्यावी.

ट्रेलरच्या स्वतंत्र ब्रेकचे महत्त्व जगात इतरत्रही मान्य झाले आहे. युरोपीय देशांत मोटारीमागे ओढावयाच्या ट्रेलरचे मालासह एकूण वजन ७५० किलोग्रॅमपेक्षा जास्त असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. जर्मनीत शेतकऱ्याच्या ट्रेलरला नोंदणीतून सूट मिळते, पण ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने तो न्यायचा नाही आणि २५ हा आकडा त्यावर ठळकपणे लावायचा, या अटीवर. म्हणजे जेथे सवलत आहे तेथे वेगाचे बंधनही आहे.

यानंतर दिव्यांचा प्रश्न येतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेल्या टिलरमागून ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार येत असेल, तर दोहोंतील अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने घटते. शंभर मीटरचे अंतर आठ सेकंदांत संपते. पावसाळी संध्याकाळी माडांच्या सावलीतील रस्त्यावर बिनदिव्याची, गंजून काळपट झालेली ट्रॉली मोटारचालकाला दिसण्यापूर्वीच हे आठ सेकंद निघून गेलेले असतात. केंद्रीय नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच उजेड पुरेसा नसेल अशा कोणत्याही वेळी, वाहनाचे दिवे लागलेले हवेत. ट्रेलरच्या मागील बाजूस दोन्ही कडांना एकेक लाल परावर्तक असणेही आवश्यक आहे. परावर्तकाला वीज लागत नाही आणि त्याची किंमतही फार नसते. मात्र त्यावरील चिखल पुसण्याची आणि लोंबत्या गवताने तो झाकला जाणार नाही हे पाहण्याची दक्षता घ्यावी लागते.

किनारपट्टीच्या गावांत यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. देवबाग, तारकर्ली, आचरा यांसारख्या समुद्रालगतच्या गावांत लोखंड लवकर गंजते. वेल्डिंगचा सांधा वरून रंगविलेला दिसतो, पण आतून पोखरलेला असतो. ओली जाळी किंवा मासळी वाहणाऱ्या ट्रेलरच्या तळाच्या पत्र्यावर व दिव्यांच्या वायरींच्या टोकांवर मीठ साचते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ओढदांडा, हूक, पिन, धुऱ्याचे सांधे, चाकांचे नट व वायरिंग यांची तपासणी करावी. मासळीची खेप झाल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवावा. पिन निसटू नये म्हणून तिला अटकाव-कडी आणि जोडीला सुरक्षा साखळी असावी. रस्त्यात सुटलेली ट्रॉली ही चालकाविना धावणारी गाडीच असते.

माणसांची वाहतूक: सर्वांत मोठा धोका

लावणीच्या दिवसांत मजूर स्त्रिया एका वाडीतून दुसऱ्या वाडीत ट्रॉलीत बसून जातात. गणेश विसर्जन, जत्रा, लग्न, शाळेच्या क्रीडास्पर्धा अशा प्रसंगीही हीच ट्रॉली कामी येते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. उलट शेजारधर्म म्हणूनच ती दिली जाते. परंतु ट्रेलर हे मालासाठी बनविलेले वाहन आहे. त्यात आसन नाही, धरण्यास आधार नाही आणि उलटल्यास लोखंडी हौदा अंगावरच येतो.

विम्याच्या दृष्टीने स्थिती आणखी गंभीर आहे. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूबद्दल वा दुखापतीबद्दल भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये स्पष्ट केले. ब्रिज मोहन प्रकरणात २००७ मध्ये ट्रॅक्टरच्या मातीने भरलेल्या ट्रॉलीवरून पडून एक मजूर जखमी झाला होता. माती वीटभट्टीसाठी नेली जात होती. म्हणजे वापर शेतीचा नव्हता. विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मजुराची गरिबी लक्षात घेऊन न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात कंपनीस प्रथम रक्कम देण्यास व नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले. प्रत्येक जखमी मजुराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येईल, असे नाही. आणि गेला तरी शेवटी रक्कम मालकाच्याच खिशातून जावयाची.

नोंदणीच नसलेल्या ट्रेलरला तर विम्याचा आधारच राहत नाही. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. ती न दिल्यास कलम १७४ नुसार जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते. याचा अर्थ तलाठी व महसूल यंत्रणेतील आपल्या वाचकांना वेगळा सांगावयास नको. स्वस्तात बांधलेल्या एका ट्रॉलीपायी घर आणि कलमांची बाग जप्तीच्या छायेत येऊ शकते. आणि मालकाजवळ जप्त करण्याजोगे काहीच नसेल, तर मृताच्या वारसांच्या हाती केवळ निवाड्याचा कागद राहतो. नोंदणी आणि विमा यांचा आग्रह धरावयाचा तो या दोन्ही कुटुंबांसाठी.

भाड्याचे काम आणि चालक

स्वतःच्या शेतातील भात घरी आणणे आणि दुसऱ्याचे चिरे भाड्याने पोहोचविणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एक नाहीत. नटवर पारीख प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून मालवाहू वाहन आणि पर्यायाने परिवहन वाहन होते, असा निर्णय दिला. परिवहन वाहनास परवाना व मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र लागते. शेतीसाठी म्हणून घेतलेला विमाही भाड्याच्या कामात उपयोगी पडत नाही. म्हणून नोंदणी व विमा करतानाच वापराचा खरा प्रकार सांगावा आणि विमापत्रात ट्रेलरचा स्वतंत्र उल्लेख झाला आहे, याची खात्री करून घ्यावी.

चालकाजवळ त्या प्रकारच्या वाहनाची वैध अनुज्ञप्ती असली पाहिजे. ट्रॅक्टरची अनुज्ञप्ती असलेल्या चालकाने ट्रेलर जोडला एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही, हे नागशेट्टी प्रकरणात २००१ मध्ये ठरले आहे. पण मुळात अनुज्ञप्तीच नसेल तर हा निर्णय मदतीस येणार नाही. सुट्टीच्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा टिलर व ट्रॉली घेऊन रस्त्याने जाताना दिसला, तर शिक्षकांनी पालकांना कलम १९९-अ ची माहिती अवश्य द्यावी. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

नोंदणीविना वाहन चालविल्यास वा चालवू दिल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्यास २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुढील गुन्ह्यास ५,००० ते १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा नसल्यास कलम १९६ नुसार प्रथम २,००० व नंतर ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा संकटकाळी आंधळा नाही, हेही सांगितले पाहिजे. आजारी वा जखमी व्यक्तीस नेण्यासाठी, तसेच आपद्ग्रस्तांना अन्न, औषधे व मदतसाहित्य पोहोचविण्यासाठी तातडीच्या वेळी वाहन वापरल्यास कलम १९२ लागू होत नाही. मात्र त्याची माहिती सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणास द्यावी लागते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाचा तडाखा सोसलेल्या या किनाऱ्यावर ही तरतूद प्रत्येक सरपंचास ठाऊक असावी. ही सवलत संकटापुरतीच आहे. रोजच्या वाहतुकीस तिचा आधार घेता येणार नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे

या कामाचा आरंभ ग्रामपंचायतीने स्वतःपासून करावा. कचरा वाहण्यासाठी, उन्हाळ्यात पाण्याची टाकी नेण्यासाठी किंवा पंप व जनित्र हलविण्यासाठी पंचायतीने बनवून घेतलेला ट्रेलर असेल, तर त्याची नोंदणी, विमा व दिवे प्रथम तपासावेत. ट्रेलरवर यंत्र कायमचे बसविले म्हणून तो ट्रेलर असण्याचे थांबत नाही. यापुढे खरेदीचे दरपत्रक मागविताना मान्यताप्राप्त आराखडा व नमुना २१ आणि २२ मधील प्रमाणपत्रे देण्याची अट घालावी.

त्यानंतर गावातील ट्रेलरची यादी करावी. तिचा उद्देश कारवाईचा नसून माहितीचा आहे, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे. पावसाळ्यापूर्वी एखादा दिवस ठरवून सर्व मालक, चालक व वेल्डिंगचे कारागीर यांना एकत्र बोलवावे आणि परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षकांना मार्गदर्शनासाठी विनंती करावी. कोणता ट्रेलर नोंदणीस पात्र ठरू शकेल, कोणता दुरुस्त करावा लागेल आणि कोणता केवळ शेताच्या आवारातच वापरणे इष्ट, याचा निर्णय तेथे समजू शकेल. परावर्तक बसविण्यासाठी मात्र कोणत्याही कागदाची वाट पाहण्याचे कारण नाही; ते त्याच दिवशी लावता येतील.

कृषि सहायकांनी यांत्रिकीकरणाच्या योजनांची माहिती देताना पॉवर टिलरबरोबर ट्रेलरच्या नोंदणीचीही माहिती द्यावी. शाळांनी विद्यार्थ्यांची ने-आण ट्रॉलीतून होणार नाही, असा नियमच करावा. दहास एक उतारावरील ओढ किंवा आठ सेकंदांत संपणारे शंभर मीटर, ही उदाहरणे विज्ञानाच्या तासाला घेतली तर ती घरोघरी पोहोचतील.

गावच्या कारागिराचे हात कुशल आहेत आणि शेतकऱ्याची गरज खरी आहे. त्या दोहोंना मान्य आराखड्याची जोड मिळाली पाहिजे, एवढेच काय ते उरते. लोखंड कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात एक फेरी, रस्त्यावर येण्यापूर्वी क्रमांक व विमा, आणि ट्रॉलीत माल तेवढा, माणूस नाही, या तीन गोष्टी पाळल्या गेल्या, तर लावणीला सकाळी गेलेली माणसे संध्याकाळी सुखरूप घरी परततील.